आधी पाऊल मोजा

उधन्यात पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सकाळचे रस्ते बदलतात. रात्रपाळी संपवून लूमचे कारीगर घराकडे निघालेले असतात आणि त्याच रस्त्यावरून त्यांचीच मुलं पळत असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने सुरतेला आलेल्या आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात स्थिरावलेल्या घरांतली ही दुसरी-तिसरी पिढी. गुजरात पोलिसांच्या शारीरिक चाचणीत मुलांना २५ मिनिटांत ५ किलोमीटर आणि मुलींना साडेनऊ मिनिटांत १६०० मीटर धावावं लागतं. महाराष्ट्रात मुलांना १६०० मीटर पुरतात; इथे त्याच्या तिप्पट अंतर, आणि सरासरी वेग ताशी १२ किलोमीटरच्या खाली येऊन चालत नाही.

या वेगाने पळणारा मुलगा मिनिटाला साधारण १७० पावलं टाकतो. पंचवीस मिनिटांत सव्वाचार हजार. म्हणजे प्रत्येक पाय दोन हजारांहून अधिक वेळा जमिनीवर पडतो आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार झेलतो. साठ किलोच्या मुलाचा हा भार १२० ते १८० किलोंचा झाला. तो पेलायला पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. इतकं काम ज्या पावलाकडून करून घ्यायचं, त्याच्यासाठी बूट घेताना आपण दुकानात एकच वाक्य बोलतो, ‘आठ नंबर दाखवा.’ तो आठ नंबर दहावी-बारावीच्या सुमारास कधीतरी ठरलेला असतो. त्यानंतर पाऊल कुणी मोजलेलंच नसतं.

आपल्या दुकानांतला हा नंबर ब्रिटिशांकडून आला. तिथे जवाच्या दाण्याची लांबी हे जुनं माप होतं, तीन दाण्यांचा एक इंच. म्हणून एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. युरोपीय नंबर दोन तृतीयांश सेंटीमीटरने वाढतो. दोन्हींत मोजली जाते ती फक्त लांबी. पाऊल चवड्यापाशी किती पसरतं, वरच्या बाजूने किती उंच आहे, टाच भरलेली आहे की निमुळती, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. आणि आपल्याकडची खरी अडचण लांबीपेक्षा रुंदीचीच आहे.

हे आता मोजून सिद्ध झालं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं त्रिमितीय यंत्राने मोजली. भारतीय पाऊल युरोपीय किंवा अमेरिकी पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहे, असं त्यात दिसलं. बूट अरुंद, पाऊल रुंद. मग माणूस चवड्याला जागा मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतो, पुढे बोटांपाशी पोकळी राहते, टाच आत वर-खाली होते, आणि ती आवरायला नाडी करकचून आवळली जाते. संस्थेने या पाहणीवरून ‘भा’ नावाची नवी भारतीय मापपद्धती सुचवली आहे. तिच्यात लहान बाळापासून प्रौढापर्यंत आठच गट आहेत आणि अर्ध्या नंबरांची गरज राहत नाही. मला ही गेल्या काही वर्षांतली सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाची सरकारी मोजणी वाटते. पण त्या मापाचे धावण्याचे बूट गल्लीतल्या दुकानात सर्रास मिळेपर्यंत रुंदीकडे आपल्यालाच बघावं लागणार आहे.

पाऊल रुंद असणं हा दोष नाही. बेल्जियमच्या संशोधकांनी बंगळूरच्या परिसरात अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावलं बूट वापरणाऱ्यांच्या पावलांशी ताडून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनवाणी माणसांची पावलं रुंद होती आणि भारही तळव्यावर अधिक सारखा वाटला जात होता. शेताच्या बांधावर, चाळीच्या अंगणात चपलेवर किंवा अनवाणी वाढलेल्या मुलाची बोटं मोकळी पसरतात. ती पसरण्याची जागा बुटाने काढून घेतली की करंगळीला फोड येतो, अंगठ्याचं नख काळं पडतं, चवड्याखाली आग होते.

म्हणून पहिलं काम घरी करायचं. एक कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप उपयोगाचं नाही, कारण उभं राहिल्यावर पाऊल लांबतं आणि पसरतं. दुसऱ्याने पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असं नाही. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. मग चवड्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे पाऊल सर्वांत रुंद आहे तिथे, खुणा करा. दुसऱ्या पायाचंही हेच. दोन्ही पावलं क्वचितच एकसारखी निघतात, आणि बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा असतो. हे सगळं संध्याकाळी करा. दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजतो, आणि पळतानाही तो असाच फुगतो.

आलेली लांबी सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. बुटाच्या जिभेमागे एक छोटी पट्टी शिवलेली असते. तिच्यावर ब्रिटिश, अमेरिकी, युरोपीय नंबर असतात आणि बहुधा सेंटीमीटरचा आकडाही असतो. एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ यांत फरक पडतो, म्हणून शोध सेंटीमीटरपासून सुरू करावा. काही कंपन्या रुंदीची अक्षरंही देतात. पुरुषांच्या बुटात ‘डी’ म्हणजे नेहमीची रुंदी, ‘२ई’ रुंद आणि ‘४ई’ त्याहून रुंद. बायकांच्या बुटात ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. दुकानदाराला ही अक्षरं विचारायला संकोचू नका. माहीत नसेल तर तो खोक्यावर बघेल.

अक्षरं नसतील तरी एक खात्रीचा उपाय आहे. बुटातलं आतलं गादीसारखं पातळ पान, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि जमिनीवर ठेवून त्याच्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही बाजूंनी त्याच्या कडेबाहेर उतरत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग रंग कितीही आवडो आणि सूट कितीही असो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, साधारण एक सेंटीमीटर जागा दिसली पाहिजे. पळताना पाऊल दर टप्प्याला थोडं पुढे सरकतं. ती जागा नसेल तर नख आपटतं.

दुकानात ज्या मोज्यांवर पळता तेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत बूट घाला, नाडी नीट बांधा, आणि मग उभे राहा. टाच मागे घट्ट बसली पाहिजे, बोटं पुढे हलली पाहिजेत. एवढं झाल्यावर बूट काढून हातात वाकवून बघा. तो बोटं जिथे वाकतात तिथे वाकायला हवा. मधोमध दुमडणारा बूट धावण्याचा नव्हे. शेवटी दुकानाच्या दारापुढे दोन-तीन मिनिटं खरंच पळून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. ‘आठवड्याभरात सैल होईल’ हे वाक्य चामड्याच्या जोड्यासाठी होतं. धावण्याच्या बुटाची जाळी आणि फोम तसे ताणले जात नाहीत. पहिल्या दिवशी टोचणारा बूट महिन्याभरानेही टोचतो. टाच किंचित सुटत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडीचा फास घेऊन ती बांधता येते. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं.

आता सपाट पायाचा प्रश्न. भरतीच्या मुलांना याची सर्वांत जास्त धास्ती असते, आणि ती निराधार नाही. गुजरात पोलीस भरतीच्या वैद्यकीय निकषांत सपाट पाय हे अपात्रतेचं एक कारण आहे. त्यामुळे ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून बघणं आणि मग कमान उचलणारा महागडा बूट शोधणं हा प्रकार घरोघरी चालतो. बूट कमान तयार करत नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर तळव्याची कमान दिसत असेल तर पाय लवचीक आहे, आणि असा पाय पुष्कळ लोकांना असतो, दुखतही नाही. टाच उचलूनही कमान दिसत नसेल, पाय ताठ असेल किंवा दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं. नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही दोन्ही मोठी रुग्णालयं उधन्याहून लांब नाहीत.

मुलांच्या सपाट पायांबद्दलचं एक मोठं काम आपल्याच देशात झालं आहे. मणिपालच्या उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. लहान मुलांचा पाय बंद बुटात लवकर कोंडू नये, असा त्याचा सरळ अर्थ. घरात अनवाणी खेळणाऱ्या पोराला ओरडण्याआधी हे आकडे आठवावेत.

पाय आत झुकतो की बाहेर, यावरून बूट वाटून देण्याची पद्धत जगभर रूढ झाली होती. सपाट पायाला आत झुकणं रोखणारा बूट, उंच कमानीला मऊ बूट, मधल्याला या दोहोंमधला. ऐकायला पटतं. पण अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन दलाच्या हजारो रंगरुटांवर २००९-१० च्या सुमारास ही पद्धत तपासली गेली. एका गटाला पायाच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापती दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच जातीचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. ज्यांचे पाय आत झुकत होते त्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. हे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी सगळ्या पुराव्याचा धांडोळा घेऊन वेगळाच निकष सुचवला: बूट निवडताना धावणाऱ्याला स्वतःला काय सुखाचं वाटतं ते बघा. शरीराला आपली चाल ठाऊक असते, आणि तिला अडथळा न करणारा बूट पायाला आपोआप सोयीचा वाटतो. हा शेवटचा शब्द नाही, संशोधन चालू आहे. तरी दुकानात ओल्या ठशावरून किंवा जुन्या बुटाच्या झिजेवरून कुणी तुमच्या पायाला नाव ठेवत असेल तर तेवढ्यावर पाच हजार खर्च करू नका. टाच बाहेरच्या बाजूने झिजणं तर अगदी नेहमीचं आहे, कारण बहुतेक माणसं टाचेच्या बाहेरच्या कडेवरच उतरतात.

सुखाचा अर्थ मात्र मऊपणा नव्हे. बोटाने दाबला की खोल जाणारा फोम दुकानात छान वाटतो, पण पळताना त्यात पाय डगमगू शकतो. दाबून नव्हे, पळून ठरवायचं. टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. नेहमीच्या बुटांत तो ८ ते १२ मिलिमीटर असतो. कमी ड्रॉपच्या बुटात पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, म्हणून चाचणी तोंडावर असताना असा बदल करू नये. वजनही पाहावं. एका बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की धावण्याची ऊर्जा सुमारे एक टक्का जास्त लागते, आणि स्वस्त जड तळाच्या बुटांत एवढा फरक सहज असतो. उलट टोकाला कार्बनची पट्टी घातलेले उंच तळाचे बूट आहेत. २०१७ पासून त्यांनी मॅरेथॉनचे विक्रम बदलून टाकले, इतके की जागतिक संघटनेला २०२० मध्ये तळाची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. किलोमीटरला पाच मिनिटं लावणाऱ्या नवशिक्याला त्यांची गरज नाही. नावाजलेल्या कंपनीची नक्कल, ज्याला बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, ती तर घेऊच नये. तिच्यावरचं चिन्ह हुबेहूब असतं, आतला फोम नसतो. त्याच पैशात साध्या भारतीय कंपनीचा खरा बूट अधिक प्रामाणिक मिळतो.

बुटाचा विषय निघाला की मराठी घरात कुणीतरी लता करे यांचं नाव काढतंच. नवऱ्याच्या उपचारासाठी बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि जिंकलेल्या या माउलीवर पुढे चित्रपटही निघाला. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पुन्हा जिंकला, आणि तेही आधीपेक्षा तीन मिनिटं लवकर. जन्मभर अनवाणी चाललेल्या तळव्याला जे पेलतं, ते दहा वर्षं बुटात वावरलेल्या पायाला पंधरा दिवसांत जमत नाही. शिवाय उधन्याच्या रस्त्यावर खिळे, काचा आणि लोखंडाचे तुकडे आहेत.

कारखान्यात उभ्या राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. लूमवर बारा तास उभं राहायचं आणि त्याच बुटात पहाटे पळायचं, असं अनेक तरुण करतात. फोममध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात. सततच्या भाराने ते दबतात आणि पळण्याच्या वेळेपर्यंत पुरते सावरत नाहीत. कामाचे बूट वेगळे ठेवा, जुनी जोडी त्यासाठी वापरली तरी चालेल. ज्यांना परवडतं त्यांनी धावण्याच्याच दोन वेगळ्या प्रकारच्या जोड्या आलटून पालटून वापराव्यात. लक्झेम्बर्गच्या एका अभ्यासात असं करणाऱ्या धावपटूंमध्ये दुखापतींचा धोका ३९ टक्के कमी आढळला. मुलींच्या बाबतीत मला आग्रहाने सांगायचं आहे की भावाचे जुने बूट तिला देऊ नका. तिची टाच चवड्याच्या मानाने निमुळती असते आणि पुरुषी बुटात ती सुटते. तिच्या साडेनऊ मिनिटांना तिच्या मापाचा बूट हवा.

सुरतेचा पावसाळा आणि वर्षभराचा दमटपणा बुटाचा निम्मा जीव घेतो. भिजलेला बूट कडक उन्हात ठेवला की गोंद सुटतो. इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि पंख्याखाली वाळवावा. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओली कातडी लवकर सोलवटते. ज्या कृत्रिम धाग्यावर हे अख्खं शहर जगतं, त्याच धाग्याचा पातळ मोजा पळायला चांगला. बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. आठवड्याला सहा दिवस आठ-आठ किलोमीटर पळणाऱ्याचे ६०० किलोमीटर तीन महिन्यांतच होतात. वरून बूट नवा दिसतो, आतला फोम मेलेला असतो. अंगठ्याने बाजूने दाबून बघा. आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील आणि फोम दगडासारखा लागत असेल, तर पाय दुखण्याची वाट पाहू नका.

आणि इतकं करूनही पाय दुखतात, कारण दुखापतींचं मोठं कारण बूट नसून घाई असते. जाहिरात येईपर्यंत स्वस्थ बसलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर पळू लागतो. दम आठवड्यांत वाढतो, हाडांना महिने लागतात. नडगीवर बोटाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, किंवा पळणं थांबवल्यावरही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे. तिथे पळणं बंद आणि डॉक्टर, दुसरा मार्ग नाही.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या उधन्या-लिंबायतमधल्या सगळ्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. मैदानावर स्टॉपवॉचइतक्याच हक्काने एक फळी आणि मोजपट्टी ठेवा. नव्या मुलाचं किंवा मुलीचं नाव लिहिताना शेजारी दोन्ही पावलांची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये लिहा आणि तो कागद घेऊनच त्यांना दुकानात पाठवा. बूट चाचणीच्या किमान महिनाभर आधी घ्यायला लावा. नवा कोरा बूट घालून कुणालाही ५ किलोमीटरच्या रेषेवर उभं राहू देऊ नका.